चढावरचं घर

सोमवार
आलो एकदाचे. घर चढावर आहे. खिडकीतून खाली नदी दिसते आणि तिच्या अलीकडे ती मोकळी जमीन, जिथे कारखान्याच्या सांडपाण्याची तळी होणार आहेत. त्यांचं पाणी झिरपून नदीत जाईल का, एवढंच मला तपासून सांगायचंय. चढावरचं घर मीच शोधलं. पाणी उताराकडे जातं, म्हणजे इथल्या विहिरीला धोका नाही. बायको म्हणाली, माझ्या शिक्षणाचा संसाराला झालेला हा पहिलाच उपयोग. आमची लेक खारूताई आल्या आल्या नळाला तोंड लावून पाणी प्यायली. गोड आहे म्हणे.

बुधवार
चाचणीसाठी खणलेल्या तळ्यात आज सांडपाणी सोडलं आणि त्यात मी रंग ओतला. निरुपद्रवी रंग आहे. पाण्यात विरला की नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पण निळ्या दिव्याखाली थेंबभर असला तरी हिरवा चमकतो. नदीत चमकला, तर पाणी झिरपतंय असं समजायचं. साहेबांचा फोन आला, अहवाल लवकर हवाय. साहेबांना माझी बढती सोडून सगळंच लवकर हवं असतं.

शनिवार
नदीचे सगळे नमुने स्वच्छ निघाले. ‘तळ्यांना हरकत नाही. चढावरच्या वस्तीचा प्रश्नच नाही, पाणी उताराकडेच जातं,’ असं लिहिलं आणि सही ठोकून अहवाल पाठवून दिला. आज गाढ झोपेन.

रविवार
निळा दिवा खारूताईच्या हाती लागला. आरशासमोर उभी राहून स्वतःलाच हसून दाखवत होती. दात हिरवे चमकत होते. जीभसुद्धा.
नळाखाली दिवा धरला. हिरवं. विहिरीवर गेलो. तिथेही तेच. नदीला बगल देऊन ते पाणी चढ चढून आमच्याकडे आलंय. असं होत नाही. पण झालंय, आणि माझी पोर तेच पाणी पीत होती. मला भीती वाटतेय.

मंगळवार
प्यायला दुकानातून बाटल्या आणल्या. अहवाल मागे घ्या म्हणून साहेबांच्या हातापाया पडलो. ते शांतपणे म्हणाले, आपल्याला नदीबद्दल विचारलं होतं, घरांबद्दल नाही. मंजुरी निघालीसुद्धा.
डॉक्टर म्हणतात, पोरीला काही झालेलं नाही. ती जेवत नाही. पोट पाण्याने भरलंय म्हणते.

बुधवार
सामान बांधलं. खारूताई गाडीत बसेना. त्याला घरी जायचंय, म्हणाली. कोणाला, विचारलं तर पोटावर हात ठेवला.
बायको नुसती रडतेय. तिच्या गालावर दिवा धरला—
हिरवं.

गुरुवार, दुपार
दार उघडं. फरशीवर ओली पावलं, लहान आणि मोठी. खिडकीतून दिसताहेत दोघी, हातात हात— तळ्याकडे— हाका मारतोय, वळत नाहीत—
खारूताई काठावर—
बायकोही—
आता कोणीच नाही. पाणी हललंसुद्धा नाही.
माझ्या पायाखाली ओलं. आज मी पाण्याला शिवलोही नाही. पाय आपोआप— दाराबाहेर— वही हातात तशीच—
अहवालात चूक नव्हती. पाणी उताराकडेच