दहा नंबरचा पाना

पंचवटी, १४ नोव्हेंबर २००३

आप्पा,

एक्स-रे बघून डॉक्टरांनी विचारलं, "रोज नट फिरवत होतात ना?" तुम्ही मान खाली घातलीत आणि संध्याकाळच्या गाडीने आत्याकडे नामपूरला निघून गेलात.

हाडं कापून, रोज थोडी ताणून उंची वाढवायचा हट्ट माझा. पायांभोवतीच्या रिंगांचे नट दिवसातून चार वेळा फिरवायचं काम मात्र तुमचं, कारण द्वारका चौकातल्या गॅरेजात तुमचा हात बसलेला. उजवा पाय तीन सेंटीमीटर वाढला. डाव्याच्या वेळी मी ओरडायचे, म्हणून तुम्ही पाना नुसता लावून काढून घ्यायचात. डावं हाड दोनवरच जुळून बसलं.

मला ते ठाऊक होतं, आप्पा. नटावरची नेलपॉलिशची खूण हलत नव्हती. मी गप्प राहिले, कारण दुखत नव्हतं.

डावं हाड पुन्हा कापायचं, असं मीच ठरवलंय. दोन्ही पाय सारखे झाले की बास. पाच सेंटीमीटरचा हट्ट सोडला. माझं हाड पटकन जुळतं म्हणे, मग काळजी कसली?

हे पत्र काही मी टाकणार नाही. उद्या फोनवर एवढंच म्हणेन, "सोमवारी ऑपरेशन आहे, दहाचा पाना घेऊन या. आणि मी ओरडले तरी फिरवा."

तुमची, सध्या एकाच पायाने उंच झालेली,
संजना