हिरव्या झेंडीचा डिफेन्स

११ जानेवारी, शनिवार

उद्या फुटबॉलची फायनल. आमची यार्ड इलेव्हन विरुद्ध कुम्हारी. जिंकणार. यंदा टीमसोबत मी आहे.

कोच म्हणून नाव बाबुलालचं. पंचफुलाचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा साळा. अकरा वर्षं पोरांना शिकवतोय, पण डिफेन्सची लाइन त्याला जमली नाही. चारही बॅक एकदम पुढे सरकले की समोरचा फॉरवर्ड मागे एकटा राहतो आणि ऑफसाइड होतो. इतकं सोपं. पण आमचे चौघे चार वेळी सरकतात. त्यांना सिग्नल पाहिजे, आणि सिग्नलच्या बाबतीत पूर्ण चरोड्यात माझ्याएवढा अनुभव कोणाला आहे? रेल्वेत पॉइंट्समन म्हणून छत्तीस वर्षं, एकही चुकीची झेंडी नाही. निरोप समारंभात तीन जणांनी हेच सांगितलं. चौथा मी.

सिस्टिम ठरली. मी मैदानाच्या कडेला उभा. हिरवी झेंडी दाखवली की चौघे धावत पुढे. बाबुलाल म्हणाला, भाऊजी, पोट्टे बॉलकडं पाहतीन का झेंडीकडं? मग म्हणाला, निदान हिरवी नोको, पिवळा दुपट्टा घ्या. साफ नाही म्हणालो. दुपट्टा हा काय सिग्नल आहे? शेवटी मोठ्या भाऊजीचा मान ठेवला त्याने. पंधरा दिवस प्रॅक्टिस झाली. पोरं आता झोपेतसुद्धा हिरव्यावर धावतील.

१२ जानेवारी, रविवार. संध्याकाळी ६

हरलो. ०-१.

लिहायची इच्छा नाही.

६.२० वाजता

लिहितो. ऐंशी मिनिटं सिस्टिम घड्याळासारखी चालली. कुम्हारीवाले सात वेळा ऑफसाइड. लोक माझ्याकडे बघत होते. मग त्र्याऐंशीव्या मिनिटाला, काही कारण नसताना, चारही बॅक सुसाट पुढे पळाले. कुम्हारीचा नऊ नंबर मागून आला, बॉल घेऊन रिकाम्या मैदानातून गेला, गोल. मी गोल पाहिला नाही. त्याच वेळी मैदानाला लागून असलेल्या लाइनवरून मालगाडी जात होती, ती नीट पास केली आणि वळून बघतो तर हे.

चौघांना पळायला कोणी सांगितलं? कोचशिवाय कोण सांगणार?

बाबुलालने दगा दिला. स्वतःच्या भाऊजीला.

१३ जानेवारी, सोमवार. सकाळी १०

फकिराच्या चहाच्या ठेल्यावर पूर्ण कॉलनी. चर्चा दोन तास. फकिराचं म्हणणं, सत्तराव्या मिनिटाला प्रितमला बाहेर काढलं तिथेच मॅच गेली. दुसरा म्हणाला, लाइन इतकी वर ठेवायचीच नव्हती, आपले पोट्टे नाइट ड्यूटी करून येतात, मागे धावायला दम कुठून आणतील? तिसऱ्याने बिस्किटं मांडून दाखवलं की पाच बॅक हवे होते. शेवटी फक्त इतकंच म्हणालो की त्या चौघांना पुढे कोणी पळवलं, ते आधी शोधा. सगळे गप्प झाले. मुद्दा पटला.

कॅप्टन शुभम तिथेच होता. स्वतः सेंटर बॅक. त्याला विचारलं, कोणाच्या सांगण्यावरून पळालास? तो चहाकडे बघत म्हणाला, जाऊ द्या ना काका. म्हणजे दबाव आहे.

निश्चय: १) बाबुलालशी बोलणं बंद. २) सत्य बाहेर काढणं. ३) चहा बिनसाखरेचा.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

बाबुलाल तिळगूळ घेऊन आला. एकतीस वर्षं पहिला तिळगूळ तोच आणतो. मी बाथरूममध्ये गेलो. तो पाऊण तास बसला. मी पाऊण तास पाण्याचा नळ चालू-बंद करत राहिलो. जाताना दाराबाहेरून म्हणाला, भाऊजी, तब्येतीले सांभाळा. माणूस किती ढोंगी असावा.

पंचफुला म्हणाली, तुमाले लाज कशी वाटत नाही? हा प्रश्न भावाला विचारायचा सोडून मला.

तिळगूळ खाल्ला. तिळगुळाचा काही दोष नाही.

१६ जानेवारी, गुरुवार

कमिटीला अर्ज दिला. विषय: कोच बदलणेबाबत. मुद्दे अकरा. मुख्य मुद्दा, की कोचने ठरलेल्या सिग्नल व्यवस्थेत परस्पर ढवळाढवळ करून टीमशी विश्वासघात केला. सह्या एकोणीस. फकिराने न वाचता केली, तरी धरली.

मोनाने पूर्ण मॅच मोबाइलवर काढली आहे हे आज कळलं. माझीच मुलगी, आणि चार दिवस गप्प! म्हटलं, दाखव, तुझा मामा साइडवरून हात हलवताना नक्की सापडेल. ती म्हणाली, पप्पा, रहने दो ना, मत देखो. मामाची लाडकी. घरात सगळे फितूर आहेत.

१८ जानेवारी, शनिवार

कम्युनिटी हॉलमध्ये मीटिंग. इस्त्रीचा शर्ट घालून गेलो, कारण नव्या कोचसाठी ऐन वेळी कोणाचं नाव निघेल सांगता येत नाही.

माझा अर्ज मोठ्याने वाचला गेला. चांगला लिहिलेला वाटला. मग अध्यक्षांनी बाबुलालला विचारलं, पोरं कोणी पळवली? बाबुलाल उठला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, लाइन माझी, चूक माझी. दुसऱ्या कोणाचा काई दोष नाही. शिटी टेबलावर ठेवली आणि बसला. शुभम ताडकन उठून काही बोलणार होता, तर बाबुलालने त्याचा शर्ट धरून खाली बसवलं.

कबुली! सगळ्यांसमोर!

नवा कोच आनंद, आपला जुना गोलकीपर. माझं नाव निघालं नाही. हरकत नाही. आपण जिंकलो.

जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. जेवण गेलं नाही. वांग्याची भाजी तिखट झाली असावी.

१९ जानेवारी, रविवार. दुपार

पंचफुलाने मोनाचा मोबाइल टीव्हीला जोडून घेतला आणि मला समोर बसवलं. म्हणाली, पाहा, आता डोळे उघडून पाहा.

त्र्याऐंशीवं मिनिट. बाबुलाल खाली बसून बुटाची लेस बांधतोय. हात हलवत नाही. तोंडसुद्धा नाही. मागून मालगाडी येते. कडेला एक म्हातारा ताठ उभा राहतो, मैदानाकडे पाठ करतो आणि गाडीला हिरवी झेंडी दाखवतो. एकदम झकास, हात खांद्याच्या रेषेत. आणि झेंडी हलल्याबरोबर चारही पोरं जीव तोडून पुढे धावतात.

जाणारी गाडी दिसली की झेंडी दाखवायची, हा नियम आहे. छत्तीस वर्षांचा हात आहे. त्याला विचारावं लागत नाही.

मोनाने पुन्हा लावलं. मी म्हणालो, बंद कर. मग तिने सांगितलं. मॅच संपल्याबरोबर मामाने चौघांना बाजूला घेतलं होतं. म्हणाला, भाऊजीचं नाव कोणी काढाचं नाही, त्यायच्या नोकरीत एक झेंडी चुकली नाही, म्हातारपणी त्यायले हे ऐकवू नोका.

पंचफुला टीव्ही बंद करून आत गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

२० जानेवारी, सोमवार

ठेल्यावर गेलो नाही. गुडघा दुखतो.

२१ जानेवारी, मंगळवार

दुसरा गुडघा.

२३ जानेवारी, गुरुवार

पंचफुलाने झेंड्या कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावली आणि म्हणाली, भावाकडे जाऊन या. रस्त्यात तीन वाक्यं पाठ केली. पहिलं, बाबुलाल, मी व्हिडिओ पाहिला. दुसरं, अर्ज मागे घेतो. तिसरं लिहीत नाही.

बाबुलाल अंगणात बसून बॉल पुसत होता. आनंदच्या हवाली करायचे म्हणून. अकरा वर्षांचे सात बॉल, एकेक पुसून पोत्यात. मला पाहून उठला, खुर्ची आणली, आत चहा सांगितला. मी बसलो. वाक्यं आठवेनात. थंडीवर बोललो, मग कुरुदच्या प्लॉटवर बोललो.

तेवढ्यात मागच्या लाइनवरून गाडी गेली. माझा हात वर गेला. रिकामाच. बाबुलालने पाहिलं. मग बॉल पुसता पुसताच म्हणाला, भाऊजी, तुमी गाडीले झेंडी दाखवली ते बरोबरच होतं. मीच पिवळ्या दुपट्ट्यासाठी अडून बसाले पायजे होतो. चूक माझीच.

आता तरी बोलायचं होतं. तोंड उघडलं. आणि मी म्हणालो, हो, तू अडून बसायला हवं होतंस.

तो हो म्हणाला. चहात माझ्या आवडीची जास्त साखर होती.

घरी आल्यावर पंचफुलाने विचारलं, बोलले का? म्हणालो, बोलणं झालं.

छत्तीस वर्षं, एकही चुकीची झेंडी नाही. त्यानंतर एक. आणि तो अर्ज धरला तर दोन. इथे लिहून ठेवतो. इथलं कोणी वाचत नाही.