दातांच्या दवाखान्यातला तेरावा महिना

ती. मामांना, पाठ सरळच होत नसल्यामुळे आपोआप घडलेला वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला? माझी तब्येत उत्तम, फक्त जेवण जात नाही, झोप लागत नाही आणि फोन वाजला की छातीत धस्स होतं. तुमच्या शब्दावर दातांच्या डॉक्टरांनी मला नोकरीला ठेवलं, आणि सोमवारपर्यंत अपॉइंटमेंटचा प्रोग्रॅम सुधारला नाही तर ते मला काढणार आहेत (तोंडाने म्हणाले नाहीत, माझ्याकडे बघत पक्कड पुसत होते).

रोग असा. माझ्या आधीच्या शहाण्याने तारखेचा रकाना तारखेचा न ठेवता साध्या मजकुराचा ठेवला होता. म्हणजे त्यात काहीही लिहा, प्रोग्रॅम हूं की चूं करत नाही. काउंटरवरच्या काकूंनी याचा मनसोक्त फायदा घेतला. कुणापुढे ‘परवा’, कुणापुढे ‘सुनेला विचारून’, एका गृहस्थांपुढे नुसतंच ‘दुखल्यावर’. मी म्हटलं, काकू, हा परवा कुठला, गेलेला की येणारा? तर म्हणाल्या, “परवा म्हणजे परवा! पेशंटला कळतं, मग तुझ्या मशीनला कळायला काय धाड भरलीय?”

शेवटी मी तो रकाना खऱ्या तारखेचा केला (विनाशकाले विपरीत बुद्धी). आमचा प्रोग्रॅम आधी महिना वाचतो आणि मग दिवस, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. पाच ऑगस्टची माणसं आठ मेला जाऊन बसली. बारा तारखेपर्यंत त्याने असा निमूटपणे घोळ घातला. तेरा तारीख आली आणि पठ्ठ्या तेरावा महिना शोधायला लागला. दुष्काळात तेरावा महिना हे आजवर ऐकून होतो, आता भोगतोय. तो काही सापडेना, तेव्हा त्याने अशा सगळ्या तारखा, काकूंच्या ‘परवा’सकट, एक जानेवारी १९०० करून टाकल्या. आणि आज सकाळी प्रत्येकाला आपण होऊन निरोप धाडला: ‘आपण १ जानेवारी १९०० ची अपॉइंटमेंट चुकवली आहे. त्वरित भेटा.’

मामा, सगळे भेटायला आलेत. जिन्यात पाय ठेवायला जागा नाही. एक आजी मला फोन दाखवून म्हणाल्या, “अरे, तेव्हा माझी आईसुद्धा जन्मली नव्हती!” आणि तरीही रांगेत उभ्या राहिल्या. मी एक्स-रेच्या खोलीत आतून कडी लावून हे लिहितो आहे. बाहेर कुणीतरी दार ठोठावतंय. मला रडू येतंय.

तुमचा (दुसरं कुणी ‘आमचा’ म्हणेनासं झालेला),
भाचा

ता.क. मूळ मुद्दा राहिलाच. डॉक्टर तुमचे वर्गमित्र. त्यांना एक फोन करा आणि पोराला काढू नका म्हणून गळ घाला.

आणखी ता.क. दार ठोठावणारे डॉक्टरच होते. मला वाटलं, भरले दिवस. त्यांनी माझी पाठ थोपटली! आलेल्या प्रत्येकाच्या तोंडात काही ना काही किडलेलं निघालं म्हणे. प्रोग्रॅमला आता बोट लावायचं नाही, माझी नोकरी पक्की, आणि पुढच्या आठवड्यात हाच प्रोग्रॅम त्यांच्या बहिणीच्या प्रसूतिगृहात बसवायचा. मामा, फोन कराच. पण मला काढायला सांगा.