खोतांच्या अंगणात

ता. २० जून १९३२

चि. केरूस,

चि. लिहायची सवय अजून जात नाही. आज उघडीप होती. खोतांशी कुळांचा तंटा मिटला, म्हणून दोन वर्षं पडीक राहिलेल्या आपल्या खाचरात सकाळी नांगर धरला. शाळाही पुन्हा सुरू झाली आहे, पण खोतांच्या पडवीत. मास्तर पालीहून येतात. दुपारी तुझ्या मैनेचं नाव घालायला गेलो.

ज्या अंगणात तू वहाणा घालून गेलास म्हणून खोतांच्या माणसांनी तुला मारलं आणि तू पुन्हा उठला नाहीस, तिथे पोचताच, कोणी काही बोलायच्या आत, मी वहाणा काढून हातात घेतल्या.

खोत ओटीवरून म्हणाले, “शिवराम, असू देत रे पायात. आता तो नेम राहिला नाही.”

मैना म्हणाली, “काका, कशाला काढल्यास? बाबा नव्हता काढत.”

मास्तरांनी तिचं नाव लिहिलं, तेव्हाही वहाणा माझ्या हातातच होत्या.

उद्या तिला पोचवायला पुन्हा जायचं आहे. तुझ्या वहाणा खुंटीवर वाळून कडक झाल्या होत्या. त्यांना खोबरेल चोळलं आणि दाराशी ठेवल्या.

तुझा दादा,
शिवराम