शुक्रवारचे अल्बम आणि शालूची सही

मी, खाली सही करणारी, धम्मशीला सिद्धोधन वाव्हळे, वय वर्षे एकसष्ट, धंदा लाउडस्पीकर भाड्याने देणे, राहणार देवगाव फाटा, तालुका सेलू, जिल्हा परभणी, कोणाच्या सांगण्यावरून वा दडपणाखाली न येता, राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. कान तर त्याहून ठिकाणावर आहेत. शंका असेल त्याने गोदामात येऊन परीक्षा घ्यावी. बिघाड फक्त हृदयाच्या एका झडपेत आहे, आणि ती बदलायला मला येत्या मंगळवारी नांदेडला जायचे आहे. डॉक्टर म्हणाले, "घाबरायचं काही कारण नाही," आणि लगेच विचारले, "सोबत कोण कोण आहे?" मी घरी येऊन वकिलांना फोन केला.

वकील रामप्रसाद शेवाळे मला मावशी म्हणतात. त्यांनी सांगितले की तुम्ही सुचेल तसे सांगा, मी कायद्याच्या भाषेत बसवतो. मी म्हणाले, भाषा माझीच राहील, तुम्हाला हवे तिथे 'सदर' आणि 'उपरोक्त' घाला. त्याप्रमाणे त्यांनी घातले आहेत.

कलम पहिले. देवगाव फाट्यावरील सदर राहते घर, त्याची चतुःसीमा: पूर्वेस हमरस्ता, दक्षिणेस टायर पंक्चरचे दुकान, उत्तरेस मोकळी जागा, पश्चिमेस शालूबाई यांचा शेळ्यांचा वाडा. हे घर माझी मुलगी सुकेशनी हिला मिळावे. ती गंगाखेडला शाळेत शिकवते आणि दर सुट्टीत येऊन माझी भांडी तिच्या पद्धतीने लावून जाते. आता कायमची लावावीत. बँकेतील शिल्लक तिने व माझा मुलगा धम्मदीप याने निम्मी निम्मी घ्यावी. वाद घालू नये, कारण रक्कम वाद घालण्याएवढी नाही.

कलम दुसरे. माझे पती, कालकथित सिद्धोधन, यांनी उभी केलेली साउंड सर्व्हिस, म्हणजे स्पीकरचे सर्व खोके, भोंगे, मशीन, वायरी आणि टेम्पो, आमचा ऑपरेटर भुजंग याला द्यावी. अट एकच. चौदा एप्रिलला आपल्या वस्तीला खोके फुकट जातील आणि सगळ्यांत चांगले खोके जातील. तो दिवस भाड्याचा नाही.

भुजंगाने खोके तपासण्याची आमच्या घराची रीत मोडू नये. बाकीचे लोक माइकवर 'हॅलो, चेक' म्हणतात आणि खोका टेम्पोत टाकतात. आम्ही हार्डकोर पंक लावतो. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: हे एक परदेशी धाटणीचे संगीत आहे. गिटार, ड्रम आणि बेंबीच्या देठापासून ओरडणारा एक माणूस. गाणे इतके छोटे की ते सुरू होऊन संपेपर्यंत गाळलेला चहा पिण्याजोगासुद्धा होत नाही. धम्मदीप इंजिनिअरिंगला पुण्यात असताना दिवाळीला एक पेनड्राइव्ह घेऊन आला होता. माझ्या यजमानांनी तो सहज खोक्याला लावला आणि त्यांच्या लक्षात आले की या ड्रमपुढे सैल स्क्रू, फाटका पडदा, खराब जोड, काही म्हणजे काही लपत नाही. तेव्हापासून आमचा एकही खोका ऐन कार्यक्रमात बसलेला नाही.

पाथरीच्या एका लग्नात भुजंग तपासणीचा पेनड्राइव्ह काढायला विसरला, ती गोष्ट वेगळी. अक्षता पडल्या, सनई लागायच्या जागी अमेरिकेतले चार तरुण किंचाळू लागले. भुजंगाच्या तोंडचे पाणी पळाले. पण नवरदेवाच्या मामांना वाटले हेच नवीन आलेले असेल, आणि त्यांनी नाचायला सुरुवात केली. सदर प्रकाराबद्दल मी भुजंगाला माफ केलेले आहे, हे इथे लिहून ठेवते, म्हणजे त्याने दर लग्नसराईत कान पकडणे बंद करावे.

कलम तिसरे. माझा अल्बमांचा संग्रह आणि माझी मते.

यजमानांना फक्त खोके तपासायचे होते. मला हे संगीत कळले ते दुसऱ्याच कारणाने. धम्मदीप पुण्यात खोली शोधत होता तेव्हा घरमालक आधी आडनाव विचारायचे आणि मग खोली भरलेली असायची. पोरगा घरी आला, जेवला नाही, गोदामात जाऊन आवाज वाढवून बसला. मी दारात उभी राहून ऐकले. एक शब्द कळला नाही, पण जे मला आई म्हणून ओरडावेसे वाटत होते ते कोणीतरी ओरडत होते. त्या दिवसापासून मी ऐकते.

धम्मदीप आता मोठ्या कंपनीत आहे आणि म्हणतो, "आई, हे ऐकायचं वय आहे का आपलं?" म्हणून माझी मते मी त्याच्या नावे करते. मते ही माझी जंगम मिळकतच आहे, वकिलांचा आक्षेप मी फेटाळला. त्याने खालील अल्बम हातात मोबाइल न घेता एकेकदा पूर्ण ऐकावेत आणि मग माझे मत वाचावे.

'ब्रिक लंच', अमेरिका. यांचा नवा अल्बम धुऊन इस्त्री करून आलेला आहे. पहिल्या अल्बममध्ये ड्रमवाला जीव खाऊन पळत होता, आता त्याला पगार सुरू झाला असावा. तीन गाणी चांगली, बाकीची त्या तिघांची चुलत भावंडे.

'वेट मॅचेस', इंग्लंड. तीस वर्षांनी पुन्हा एकत्र आलेले म्हातारे. पोटे सुटली आहेत असे फोटोत दिसते, पण राग जिथल्या तिथे आहे. मधे एकदा गाणारा खोकतो आणि त्यांनी तो खोकला काढून टाकलेला नाही. मला हे फार आवडले.

'कुर्सी पनास', इंडोनेशिया. तीन पोरी. शेवटच्या गाण्यात गाणारी श्वास घ्यायला थांबते तेव्हा आपल्याला कळते की आता कोणाची तरी धडगत नाही. वर्षातला सर्वांत चांगला अल्बम. यावर शालूचे आणि माझे एकमत झाले होते, जे सहसा होत नाही.

'उघडी तार', पुणे. यांच्याविषयी पुढच्या कलमात.

अल्बम, म्हणजे सीडी, हार्ड डिस्क आणि दोन मोठे घरचे खोके, सुकेशनीकडे राहावेत. तिला अल्बम आणि मिक्सर चालल्याचा आवाज यांतला फरक कळत नाही. पण ती वस्तू जपून ठेवते. दर शुक्रवारी तिने भुजंगाला सांगून गोदाम उघडे ठेवावे, कारण जगात नवे अल्बम शुक्रवारी निघतात, आणि डाव्या खोक्यासमोरची खुर्ची शालूसाठी मोकळी ठेवावी.

कलम चौथे. शालूबद्दल.

शालू माझी शेजारीण. दहाएक वर्षांपूर्वी ती माझ्या गोदामात भांडायला आली. "आवाज कमी कर गं, माझ्या शेळ्या दूध चोरायल्यात!" मी आवाज कमी केला. ती जायला वळली, थांबली, म्हणाली, "ह्यो कामून एवढा चिडलाय?" मी म्हणाले, बसून ऐक. ती बसली. त्यानंतर जवळपास प्रत्येक शुक्रवारी आम्ही दोघी समोरासमोर खुर्च्या टाकून नवा अल्बम ऐकला. तिला इंग्रजी येत नाही, मला जेमतेम येते. पण माळावर शेळ्यांना हाक मारत जन्म गेल्यामुळे कोणाचा आवाज पोटातून येतो आणि कोणाचा नुसता दातांतून, हे तिला लगेच कळते. "हा दातातनं ओरडायलाय," असे ती म्हणाली की तो अल्बम माझ्याही मनातून उतरायचा.

मग दिवाळीनंतर 'उघडी तार'चा तिसरा अल्बम आला. ही पुण्यातली पोरे मराठीत गातात. घरमालक आडनाव विचारतो त्यावर यांचे एक गाणे आहे, ते मी किती वेळा ऐकले त्याला हिशेब नाही. तिसऱ्या अल्बमच्या शेवटी 'झोप' नावाचे लांबलचक, सावकाश गाणे. ओरडणे नाही. कामावरून आलेला माणूस फरशीवर आडवा होतो आणि पुटपुटतो. मी उठून बंद करणार, तर शालू रडत होती. म्हणाली, "पुन्हा लाव."

मी म्हणाले, "हे काय हार्डकोर हाय? यांनीच ओरडणं सोडलं तर आपल्यासाठी कोन ओरडंल?"

"ओरडून ओरडून मानूस दमत न्हाई का? दमल्यालं बी येऊ दे की गान्यात."

"दमायचं आसंल तर घरी दमावं. अल्बम काढून न्हाई. तुझे कान शेळ्यांनी खाल्ले वाटतं."

ती चहा तसाच ठेवून गेली. तेव्हापासून आली नाही. भिंतीपलीकडे तिच्या शेळ्यांचे आवाज येतात, तिचा येत नाही. मी माझे मत बदललेले नाही आणि बदलणार नाही: 'झोप' हे गाणे त्या अल्बमवर नको होते. परंतु शुक्रवारी एकटीने ऐकताना कुठलाही अल्बम मला पुरा लागत नाही. मला तिची आठवण येते, आणि नांदेडला जाण्याआधी ती माझ्याकडे यावी एवढेच मला हवे आहे.

आधी मी सगळा संग्रह तिच्याच नावे करणार होते. वकील म्हणाले, मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, आणि ज्याला काही मिळणार त्याने साक्षीला नसलेले बरे, उगीच पुढे कोणी बोट दाखवायला नको. मी बराच विचार केला. संग्रह दिला तर तो तिला मी गेल्यावर मिळणार. साक्षीला बोलावले तर तिला मी असताना यावे लागणार. म्हणून मी शालूला काहीही देत नाही. खुर्ची हा लाभ धरायचा का, असे वकिलांनी विचारले. मी सांगितले, खुर्ची सुकेशनीचीच, शालूला फक्त बसू द्यायचे आहे. भुजंगाच्या हाती निरोप धाडला आहे.

कलम पाचवे. माझा अंत्यविधी बौद्ध पद्धतीने व्हावा. त्रिशरण-पंचशील पूर्ण म्हणावे, घाई करू नये, मधे काही वाजवू नये. लोक माझ्या घरी परत येऊन हातपाय धुऊन चहा घेऊन बसले की 'कुर्सी पनास'चा अल्बम पहिल्यापासून लावावा. आवाज बारीक ठेवल्यास भुजंगाला दिलेली साउंड सर्व्हिस परत घ्यावी. कोणी रागावून उठून गेल्यास जाऊ द्यावे.

कलम सहावे. हे कलम मूळ मसुद्यात नव्हते. सह्यांच्या वेळी घातले आहे.

शालू आली. पदराला हात पुसत दारात उभी राहिली आणि माझ्याकडे न बघता वकिलांना म्हणाली, "सई केल्यावर मला काय भेटतंय?"

"काहीच नाही, शालूबाई."

"मंग द्या पेन."

वकिलांनी सांगितले की आधी मावशींची सही, ती तुमच्या डोळ्यांदेखत व्हायला हवी, मग तुमची. साक्षीदाराला मजकूर कळलाच पाहिजे असे नाही, पण शालू म्हणाली, "वाचा. कशावर सई करायले ते कळू दे." तेव्हा त्यांनी सगळे वाचले. पाथरीच्या लग्नाला ती हसली. चौथे कलम तिने खाली बघत ऐकले आणि मग मला म्हणाली:

"तू लय येडी हायीस, शीला. त्या दिशी पंक्चरच्या दुकानापासून गोदामापर्यंत आलीस तर तुला दम लागला व्हता. खुर्चीला धरून हुबी ऱ्हायलीस. कुनाला सांगंना, दवाखान्यात जाईना. त्या गान्यातला मानूस फरशीवर पडला आन मला तू दिसलीस. मी गान्याला रडले न्हाई. तुला रडले. आन तू मला कान न्हाईत म्हनलीस."

वकील खिडकीतून हमरस्त्याकडे बघू लागले. मी शालूचा हात धरला, तिने तो सोडवून घेतला नाही.

मग तीच म्हणाली, "मेल्यावर काय वाजवायचं ते समदं लिवलंस. जित्ती आलीस तर काय वाजवायचं, ते कुठं हाय?"

रामप्रसाद म्हणाले की अशी तरतूद मृत्युपत्रात करता येत नाही. शालू म्हणाली की मग ती सही करणार नाही. त्यामुळे तरतूद करण्यात येत आहे ती अशी: मी नांदेडहून जिवंत परत आल्यास, येणाऱ्या पहिल्या शुक्रवारी गोदाम उघडावे. नवा अल्बम जो निघाला असेल तो लावावा, कसाही असो. चहा शालूने करावा. सोबत कोण आहे, असे डॉक्टरांनी पुन्हा विचारल्यास शालूबाईंचे नाव सांगावे; मंगळवारी त्या माझ्यासोबत येत आहेत आणि आम्ही परतेपर्यंत शेळ्या भुजंगाकडे राहतील. भुजंगाला हे अद्याप कळवलेले नाही.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी वाचून, ऐकून व त्यावर भांडून लिहून ठेवले आहे.

लिहून ठेवणार: धम्मशीला सिद्धोधन वाव्हळे (सही)

साक्षीदार: १. रामप्रसाद शेवाळे, वकील, सेलू (सही)

२. शालूबाई, राहणार देवगाव फाटा (सही). साक्षीदाराच्या आग्रहावरून नमूद केले की सदर सही मृत्युपत्रापुरती आहे. गाणे चांगलेच आहे.

ठिकाण: देवगाव फाटा
दिनांक: ६ फेब्रुवारी २०२६, शुक्रवार