अकरा खंडेनवम्यांचा माऊस

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी.
माऊसची खरी किंमत आज काढली. दुकानात दोनशे पंच्याहत्तर. वापर अकरा वर्षं. म्हणजे वर्षाला पंचवीस रुपये. शिलाई मशीनचं तेल लागतं, पण ते बायकोचं, आरतीचं, म्हणून धरलं नाही. दोन कटिंग चहाच्या पैशात वर्षभर निम्म्या श्रीगोंदा तालुक्याचे दाखले, उतारे, फॉर्म. समोरच्या दुकानातल्या करणने तेवढ्या काळात सहा माऊस फेकले. हल्लीच्या पोरांना वस्तू वापरता येत नाही.
संध्याकाळी कॉम्प्युटर, प्रिंटर, माऊस यांची पूजा. माऊसला हळद-कुंकू जरा सढळ हाताने. त्याचा मान मोठा.

३ ऑक्टोबर, शुक्रवार
एक क्लिक केली की दोन होतात. ह्या वयात एवढा उत्साह.
आरती म्हणाली, नवीन घ्या. तिला सांगितलं, एसटीडी बूथच्या स्टुलावरून इथवर आलोय ते कानांच्या जोरावर. ह्या माऊसचा आवाज हजारात ओळखीन. ती काहीतरी बोलणार होती. मग गवार निवडत बसली.

४ ऑक्टोबर, शनिवार
साप्ताहिक सर्व्हिसिंग. कापसाने तेल, डाव्या बटनात दोन थेंब जास्त. बोळा लालभडक निघाला. कुंकू पार आत गेलंय. चांगलंच आहे.
सत्यशीलाबाई मुलीला घेऊन आल्या. दिशाचा नर्सिंगचा फॉर्म. मुदत मंगळवारी संध्याकाळी पाच. हुकला तर वर्ष गेलं, आणि दिशाचे चुलते स्थळ आणून टपून बसलेत. म्हटलं, निर्धास्त राहा. अकरा वर्षांत एक फॉर्म चुकलेला नाही.

६ ऑक्टोबर, सोमवार
फॉर्म भरला. शेवटी 'मला मान्य आहे' पुढे टिक करायची असते. टिक लागते आणि लगेच निघते. साईटचा दोष.
दिशा आईच्या कानाशी लागली. माझ्या कानांतून काही सुटत नाही. म्हणाली, "आई, सरकारला मान्य हाय. काकांच्या माऊसला मान्य न्हाई."
मुलगी हुशार आहे. नर्सिंगमध्ये फुकट जाईल.
त्यांना उद्या बोलावलं. नंतर उपाय सुचला. एकीच्या दोन होतात, तर अर्धीच क्लिक करायची. तासभर सराव केला. अर्धी लागतच नाही.

७ ऑक्टोबर, मंगळवार. सकाळी ११
आज बाराच्या आत फॉर्म पाठवणार. माऊसमधून बाहेर ओघळेल तेवढं तेल सोडलंय.

दुपारी ३.४०
टिक त्रेसष्ट वेळा लागली, त्रेसष्ट वेळा निघाली. आता बाण पण थरथरतोय. करण त्याचा माऊस घेऊन आला, म्हणाला दादा, हा लावून बघा. त्याला सांगितलं, माझ्या दुकानात परका माऊस चालत नाही. तो हसून गेला. हसण्यासारखं काय होतं कळलं नाही.

४.१०
सत्यशीलाबाई उठल्या. आवाज चढवला नाही. "भाऊ, तुमचं यंत्र तुमी जपा. माझी पोर नका बुडवू." पिशवी उचलली, दिशाचा हात धरला आणि रस्ता ओलांडून करणकडे. मी मागून ओळखपत्राची झेरॉक्स नेऊन दिली. पैसे घेतले नाहीत. म्हणजे फॉर्ममध्ये माझाही वाटा आहे.

४.३५
निदान कारण कळावं म्हणून माऊस उघडायचं ठरवलं. आजवर कधी उघडला नाही, ओरिजिनल आहे. स्क्रू तळाच्या स्टिकरखाली असतो. स्टिकरवर काळी टेप. कधी लावली आठवत नाही. सोलली.

४.५०
दिशा धावत येऊन पावती दाखवून गेली. म्हणाली, काका, एका क्लिकमधी झालं.

संध्याकाळी ७
आरतीपुढे माऊस उताणा धरला. तिने लाटणं थांबवलं नाही. लाटता लाटता सांगितलं, जुना दोन वर्षांपूर्वी तिच्या हातून बादलीत पडला. मी तेव्हा शिर्डीला गेलो होतो. तसलाच आणून ठेवला, तळाला टेप लावली.
"आल्या आल्या दोनदा टकटक केलंत," म्हणाली, "आणि मलाच सांगितलंत, ऐक, अजून आवाज तोच."
चष्मा लावून स्टिकर पुन्हा वाचला. निर्मिती: मार्च २०२३.