सीट, पिलर आणि घरातले जाणकार

१२ ऑक्टो., रवि.
सायकलची सीट गेली. जाऊन महिना झाला, मान्य आज केलं. रेक्झिन फाटून स्पंज बाहेर, वर प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली. अशा थाटात बाई वसमतहून शिरड शहापूरला शिकवायला जातात. सीट ज्या नळीवर बसते त्या पिलरचं डोकंबी झिजलंय. खड्डा आला की सीट नाक वर करते, आमच्या सासूबाईंसारखी.
हे म्हणाले, "सोड ना ती सायकल. दिवाळीच्या सुट्टीनंतर मीच सोडत जाईन, पहिल्यासारखं."
पहिल्यासारखं! म्हणजे यांची अंघोळ, यांचा चहा, यांची तंबाखू, अन् शाळेत उशीर माझा. सुटल्यावर मी फाट्यावर उभी, साहेब हॉटेलात गप्पा हाणत. मोटारी रिवाइंडिंगचं दुकान बंद केल्यापासून तर दिवसभर तिथंच मुक्काम असायचा. या जानेवारीत ही जुनी सायकल घेतली तवा कुठं माझा वेळ माझा झाला. शाळा उघडायच्या आत सीट अन् पिलर बसलं न्हाई तर परत मोटारसायकलच्या मागं. मेले तरी न्हाई.

१४ ऑक्टो.
मोंढ्याजवळचं दुकान. "म्याडम, लेडीज सीट घ्या. डबल स्प्रिंग. सोफा हाय सोफा."
सोफ्यावर बसायचं असतं तर घरी बसले नसते? मऊ सीटमधी माणूस रुततं अन् भलतीकडंच रगडलं जातं. हे चार बाप्यांपुढं त्याला कसं सांगू. कडक, अरुंद, मधी खाच असलेली मागितली.
"ती जेन्ट्सची हाय."
"बसणार मी हाय. काढ."
काढली. चेहरा असा केला, जणू मी मिशा मागितल्या. घेऊनच आले.
पिलर त्याच्याकडं फक्त लोखंडी. "म्हशीनं ढुसणी दिली तरी वाकणार न्हाई." माझी म्हैस सायकल चालवत न्हाई. आधीचंबी लोखंडीच, गंजून फ्रेमला असं चिकटलं की काढताना हातोडी लागली. अ‍ॅल्युमिनियमचं पाहिजे. नांदेडला मिळतं म्हणे. दिवाळी झाली की जाते.

१७ ऑक्टो.
सुध्याचा फोन. माझा धाकटा भाऊ, हिंगोलीच्या सायकल ग्रुपातला. ग्रुप म्हणजे चड्डी घट्ट अन् पोट सैल. औंढ्यापर्यंत जायचं, भजी हाणायची, फोटो टाकायचे.
"ताई, लोखंड जड, अ‍ॅल्युमिनियम हादरे देतं. कार्बन घे. कार्बन हादरा पिऊन टाकतो."
हादरा पितो म्हणे. हा स्वतः काय पितो ते वहिनीला विचारा. सांगितलं, बाबा, मला अ‍ॅल्युमिनियम बरं. गंजत न्हाई अन् कुणाच्याबी हातानं आवळता येतं. ऐकून घेणाऱ्याला सांगावं.

२३ ऑक्टो., भाऊबीज
ओवाळलं. सुध्यानं ताटात काय टाकावं? कार्बनचं पिलर! काळं, चकचकीत, हलकं इतकं की लाटणं जड वाटावं. ओवाळणी परत करता येत न्हाई, हे त्याला बराबर ठाऊक.
सासूबाई म्हणाल्या, नवी वस्तू तशीच लावू नये. देवापुढं ठेवलं. गोड्या तेलात हळद कालवून पाच टिकल्या अन् स्वस्तिक. वसमतीत हळदीला काय तोटा, चांगली चोपडली. "पुसू नको, अपशकुन," त्या म्हणाल्या अन् कार्बनच्या जाणकारानं तसंच फ्रेमीत घातलं. पाया पडून घातलं, मूर्खानं.
सीट मात्र झकास. हाडं जिथं टेकायची तिथंच टेकतात. खूश आहे, खोटं काहून लिहू.

२५ ऑक्टो., शनि.
शिरडच्या रस्त्यानं चालवून बघितली. निम्म्या वाटेत गुडघे वर यायला लागले. वाटलं, चढ हाय. मग सीट एकदम भसकन खाली, तोल गेला. मागं उसाचा ट्रॅक्टर. कसाबसा थांबला.
"ओ बाई, मरायचंय का?"
बांधावर बसून राहिले. लई घाबरले.
तेल! कार्बनला तेल लागलं की ते धरतच न्हाई. सुध्याला फोन केला तर म्हणतो, "त्याला खरखरीत पेस्ट लागते ताई, एवढंबी माहीत न्हाई?" घालणारा तू होतास ना रे, दीडशहाण्या.
घरी आल्यावर हे म्हणाले, "मी म्हणलं होतं." तेवढं येतं.

२७ ऑक्टो.
सुध्या आला. तेल पुसलं. पेस्ट आणली न्हाई. "आवळलं की बसतंय." मी नको नको म्हणते, हा दात-ओठ खाऊन आवळतोय. कट्. पिलरला केसाएवढी चीर.
"माल डुप्लिकेट निघाला." नाचता येईना, अंगण वाकडं. सासूबाईंचा निकाल, स्वस्तिक पुसलं म्हणून झालं. दोघांना एका माळेत ओवावं.
हे पेपर वाचत बसले. मनात लाडू फुटत असतील.

१ नोव्हें., शनि.
हे सकाळपासून गायब. मीच नांदेडला जाणार होते, पण सासूबाईंना ताप, सोडून जाता येईना. परवा शाळा. दिवसभर यांच्या नावानं बोटं मोडली.
दिवेलागणीला एस.टी.नं आले. पिशवीत अ‍ॅल्युमिनियमचं पिलर. मापाला जुनं लोखंडी सोबत नेलं होतं. ओसरीत बसून बसवून टाकलं, सीट जराशी डावीकडं वाकडी. वाकडी हाय म्हणायला तोंड उघडलं अन् मिटलं.
कशी नेली असेल ती गंजकी नळी एस.टी.त. लोक हसले असतील.

२ नोव्हें., रवि.
दुपारी फेरी मारून आले. पिलर हललं न्हाई. म्हणलं, "तुमाला तर मी मागं बसायला पायजे होते. मंग हे काहून आणलं?"
"त्या दिवशी ट्रॅक्टरखाली गेली असतीस."
तंबाखूची डबी काढली. मग म्हणाले, "तुला सोडून शिरडला बसायचो, माझा दिवस जायचा. आता सकाळी तू गेली की संध्याकाळपर्यंत भिंती बघतो."
"मंग बोलायचं न्हाई का तसं?"
"काय बोलू? बायको सायकलवर जाती म्हणून मला करमंना, असं?"
एवढ्या महिन्यांत हे माझ्या डोक्यात कसं आलं न्हाई. चहा ठेवला. साखर विसरले. यांनी तसाच पिला.
मला माझी सायकल सोडायची न्हाई. पण ते भिंती बघणं आता डोळ्यापुढून हलंना.
उद्या सकाळी निघायचंय. कशावर, ते मी सांगितलं न्हाई, अन् यांनीबी विचारलं न्हाई.